मोठ्या बोअरच्या पुरातन बंदुका

मोठ्या बोअरच्या पुरातन बंदुका म्हणजे नेहमीच्या १२ किंवा १० बोअरपेक्षा रुंद आणि आतून गुळगुळीत नळी असलेल्या, छर्रे किंवा शिशाचा एकच मोठा गोळा उडविणाऱ्या जुन्या शिकारी बंदुका होत. ८, ४ व २ बोअरच्या खांद्यावरून झाडावयाच्या बंदुका आणि होडीवर बसविलेल्या पंट बंदुका हे त्यांचे प्रमुख प्रकार. त्यांचा सुवर्णकाळ स्थूलमानाने एकोणिसावे शतक हा होय. मुख्यतः इंग्लंडमधील लंडन व बर्मिंगहॅम येथे त्या घडविल्या गेल्या आणि तेथून आफ्रिका, हिंदुस्थान व सिलोन येथे गेल्या. मुळातच त्या थोड्या बनल्या, त्यांतील पुष्कळशा वापराने झिजल्या, कित्येक मोडीत गेल्या. त्यामुळे उरलेल्या बंदुकीचा कर्ता, काळ व मालक यांचा मागोवा घेणे हे संग्राहकाचे आणि संग्रहालयाचे महत्त्वाचे काम ठरले आहे.

मराठी कागदपत्रांत भेटणारे जंबुरे व जेजाला यांच्याशी या बंदुकांची गल्लत करू नये. जंबुरा उंटाच्या पाठीवर बसवीत, जेजाल तटाच्या किंवा टेकूच्या आधाराने झाडीत. ती दोन्ही युद्धाची हत्यारे होती. येथे वर्णिलेल्या बंदुका शिकारीसाठी निर्माण झाल्या.

बोअर म्हणजे काय

बंदुकीच्या बोअरचा आकडा जसजसा लहान होतो तसतशी नळी रुंद होते, हे प्रथम ऐकणाऱ्यास उलटे वाटते. या आकड्याचे मूळ वजनात आहे. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे जितके गोळे पाडले असता त्यांतील एक गोळा नळीत नेमका बसेल, तितक्या बोअरची ती नळी. बारा गोळे पाडावे लागले तर १२ बोअर, चारच पाडले तर ४ बोअर.

विद्यार्थ्यांना हे गणित सहज पडताळून पाहता येईल. एक पौंड म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम. त्याचा चौथा भाग ११३.४ ग्रॅम. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम असल्याने या गोळ्याचे घनफळ जवळजवळ बरोबर १० घन सेंटिमीटर येते आणि त्यावरून व्यास सुमारे २६.७ मिलिमीटर निघतो. हाच ४ बोअरचा व्यास. त्याच रीतीने ८ बोअरचा व्यास २१.२, १२ बोअरचा १८.५ आणि २ बोअरचा ३३.७ मिलिमीटर येतो. घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने बोअरचा आकडा निम्मा झाला म्हणून व्यास दुप्पट होत नाही. २ बोअरची नळी १६ बोअरच्या नळीच्या दुप्पट रुंद असते.

प्रत्यक्षात मात्र नावाचा बोअर आणि नळीचा खरा व्यास एकच असतील असे नाही. काडतुसे आल्यावर बोअरचा आकडा काडतुसाच्या नावाने चालू लागला. जाड कागदी काडतूस वापरणाऱ्या बंदुकीची नळी पातळ पितळी काडतुसाच्या बंदुकीहून अरुंद ठेवावी लागे. म्हणून ‘४ बोअर’ म्हणून विकल्या गेलेल्या दोन बंदुकांच्या नळ्या मोजून पाहता वेगवेगळ्या भरतात. मागोवा घेणाऱ्याने हे आरंभीच ध्यानात ठेवावे, नाहीतर खऱ्या वस्तूवरही खोटेपणाचा संशय येतो.

या बंदुका कशासाठी होत्या

काळ्या दारूच्या जोरावर गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नसे. वेग वाढत नसेल तर वजन वाढवावे, हा साधा उपाय होता. हत्ती, गेंडा, गवा यांसारख्या जनावरांसाठी शिशाचा जड गोळा, तर दूर पाण्यावर बसलेल्या बदकांसाठी एका बारात अधिक छर्रे, अशा दोन गरजांतून नळ्या रुंदावत गेल्या.

पहिल्या गरजेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रेडरिक सेलूस याचे. १८७१ साली एकोणिसाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत उतरलेल्या या इंग्रज तरुणाने बर्मिंगहॅमच्या आयझॅक हॉलिस याने बनविलेल्या ४ बोअरच्या दोन साध्या, एकनळी, ठासणीच्या बंदुका घेतल्या. गुळगुळीत नळीच्या या बंदुका बोअर शिकारी वापरीत त्या धाटणीच्या, स्वस्त आणि ओबडधोबड होत्या. कातडी पिशवीतून हाताला येईल तितकी दारू मुठीने काढून नळीत ओतायची आणि वर चार औंसांचा गोळा ठासायचा, अशी त्याची रीत होती. १८७२ ते १८७४ या तीन हंगामांत या बंदुकांनी ७८ हत्ती मारल्याचे त्याने स्वतःच ‘अ हंटर्स वॉन्डरिंग्ज इन आफ्रिका’ (१८८१) या ग्रंथात नोंदविले आहे. बंदुकीच्या धक्क्याने आपले कायमचे नुकसान झाले, अशी कबुलीही त्याने पुढे दिली.

सॅम्युअल बेकर याची कथा वेगळी आहे. सिलोनमध्ये अनेक वर्षे शिकार केल्यावर तो आफ्रिकेत नाईलच्या उगमाच्या शोधास गेला. त्याच्याजवळ हॉलंड याने बनविलेले अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा उडविणारे एक अवजड हत्यार होते. त्याच्या अरब सोबत्यांनी त्याला ‘तोफेचे पोर’ अशा अर्थाचे नाव दिले होते आणि बेकर त्याला ‘बेबी’ म्हणे. ते रायफल जातीचे, म्हणजे आतून पिळाच्या खाचा असलेले असल्याने काटेकोरपणे या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे. परंतु मोठ्या बोअरचा इतिहास त्याच्यावाचून सांगितला जात नाही. त्याच प्रवासासाठी विल्यम कॉटन ऑसवेल याने बेकरला आपली पर्डी बनावटीची १० बोअरची दुनळी दिली होती. ऑसवेल घोड्यावरून काटेरी झुडपांतून दौडत असे. त्यामुळे तिचा लाकडी दस्ता काट्यांनी खरवडून झिजला होता. दस्त्याची ही झीज एरवी दोष ठरली असती. येथे तीच त्या बंदुकीची ओळख बनली.

हिंदुस्थानातही या बंदुकांना मागणी होती. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याच्या खात्यावर असलेल्या जी. पी. सँडरसन याने ‘थर्टीन इयर्स अमंग द वाइल्ड बीस्ट्स ऑफ इंडिया’ (१८७८) या पुस्तकात मोठ्या बोअरच्या हत्यारांची चर्चा केली आहे. हिंदुस्थानी सैन्यातील व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी जॉर्ज फॉस्बरी यांनी १८८५ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. तीत नळी जवळजवळ सर्वत्र गुळगुळीत ठेवून फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत पिळाच्या खाचा पाडलेल्या असत. एकाच बंदुकीतून छर्रेही आणि बऱ्यापैकी नेमकी गोळीही उडविता येई. हॉलंड अँड हॉलंड यांनी ती ‘पॅरॅडॉक्स’ या नावाने विकली आणि ८ बोअरमध्येही बनविली.

पंट बंदूक

पंट बंदूक खांद्याला लावून झाडता येत नसे. सपाट तळाच्या अरुंद होडीच्या नाळेवर ती बसवायची, शिकाऱ्याने होडीत पालथे पडून हलकेच वल्हवत पक्ष्यांच्या थव्याकडे सरकायचे आणि नेम धरण्यासाठी बंदूक न फिरवता होडीच वळवायची, अशी तिची पद्धत होती. एका बारात एक पौंडाच्या आसपास, कधी त्याहून अधिक छर्रे सुटत आणि पन्नासावर पक्षी पडू शकत. इंग्लंडमधील या कलेचा आद्य लेखक म्हणजे कर्नल पीटर हॉकर (१७८६–१८५३). तालाव्हेराच्या लढाईत जखमी झाल्यावर त्याने किनाऱ्यावरील कीहेवन येथे बदकांच्या शिकारीचे जणू शास्त्रच उभे केले. त्याचा शिकाऱ्यांसाठीचा मार्गदर्शक ग्रंथ १८१४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. पुढे राल्फ पेन-गॉलवे याने हा विषय अधिक तपशिलाने मांडला.

अमेरिकेत, विशेषतः चेसापीक उपसागरात, पंट बंदूक हे छंदाचे नव्हे तर धंद्याचे साधन होते. शहरांतील खाणावळींसाठी बदके पुरविणारे शिकारी रात्री दिव्याच्या उजेडात ती वापरीत. पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्यानंतर तेथे १० बोअरहून मोठ्या बंदुकीने अशा पक्ष्यांची शिकार करण्यास बंदी आली. बंदीनंतर लपवून ठेवलेल्या व जप्त झालेल्या काही पंट बंदुका आज त्या भागातील संग्रहालयांत आहेत. ब्रिटनमध्ये ही शिकार पूर्ण बंद झाली नाही. मात्र तोंडाशी १.७५ इंचांहून अधिक व्यासाची बंदूक वन्य पक्ष्यांवर वापरण्यास १९५४ पासून कायद्याने मनाई आहे.

या बंदुकांच्या ऱ्हासाला केवळ कायदा कारण झाला नाही. नळीचे तोंड किंचित आवळून छर्रे दूरवर एकत्र ठेवण्याची ‘चोक’ची रीत १८७० च्या दशकात डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने लोकप्रिय केली आणि १२ बोअरची बंदूकच लांबचे काम करू लागली. मोठ्या जनावरांसाठी धूररहित दारूच्या वेगवान रायफली १८९८ च्या सुमारास आल्या. सात-आठ किलो वजन वाहण्याचे कारण उरले नाही.

मागोवा कसा घेतात

बंदुकीवरचे नाव हा पहिला पुरावा, पण तो सर्वांत फसवा. नळ्यांमधील पट्टीवर कोरलेले नाव घडविणाऱ्याचेच असते असे नाही. बर्मिंगहॅमचे कारखानदार इतरांसाठी बंदुका बनवीत आणि त्यांवर लंडन, एडिंबरो किंवा कलकत्ता येथील विक्रेत्याचे नाव घातले जाई. कलकत्त्याच्या आर. बी. रोडा अँड कंपनीच्या नावाच्या मोठ्या बोअरच्या बंदुका अशाच इंग्लंडहून आलेल्या. (१९१४ साली बंगालमधील क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे पळविली, ती याच कंपनीची.) मोठ्या बोअरसाठी ज्यांचा विशेष लौकिक होता त्या बर्मिंगहॅमच्या जे. अँड डब्ल्यू. टॉली यांच्यासारख्या कारखानदारांचे काम पुष्कळदा दुसऱ्याच्या नावाखाली सापडते.

नावाबरोबर पत्ताही कोरलेला असेल तर काळ ठरविण्यास मदत होते. पर्डीचे दुकान १८२६ पासून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होते आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी ते साउथ ऑडली स्ट्रीटवर गेले. हॅरिस हॉलंड याच्या पेढीचे नाव १८७६ मध्ये ‘हॉलंड अँड हॉलंड’ झाले, म्हणून नुसते ‘एच. हॉलंड’ असे नाव त्याआधीच्या बंदुकीवर अपेक्षित असते.

दुसरा आणि अधिक भरवशाचा पुरावा नळ्या काढून त्यांच्या खालच्या सपाट भागावर पाहावा लागतो. तेथे परीक्षणाच्या, म्हणजे ‘प्रूफ’च्या खुणा असतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी विकण्यापूर्वी नेहमीपेक्षा अधिक दारू भरून झाडून पाहणे सक्तीचे आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. दोहोंचे शिक्के वेगळे. कायदे बदलले तसे शिक्केही बदलत गेले, म्हणून त्यांवरून बंदुकीचा काळ बराच आवळता येतो. ‘नॉट फॉर बॉल’ (यातून गोळा झाडू नये) असे शब्द चोक नळीवर असतील तर ती १८७५ ते १८८७ या काळात परीक्षिलेली समजावी. समांतरभुज चौकटीत कोरलेला बोअरचा आकडा १८८७ नंतरचा. पंट बंदुकांसाठी १८६८ च्या कायद्याच्या कोष्टकात आकड्यांऐवजी मुख्यतः इंग्रजी अक्षरे योजली आहेत. ‘ए’ म्हणजे दोन इंच व्यास, ‘के’ म्हणजे दीड इंच. ज्याला हे ठाऊक नाही तो त्या एकाकी अक्षराला कारागिराचे आद्याक्षर समजून बसतो.

येथे मोठ्या बोअरची एक खास अडचण सांगणे आवश्यक आहे. सामान्य बंदुकीचा काळ तिच्या घडणीवरून साधारण ओळखता येतो. बाहेर दिसणारे घोडे, चापाच्या कड्याखालून आडवा फिरणारा दांडा आणि पिळाच्या दमास्कस नळ्या दिसल्या की जाणकार १८६० किंवा १८७० चे दशक म्हणतो. हा दांडा हेन्री जोन्स याच्या १८५९ च्या पेटंटाचा. पुढे नव्या, झटपट उघडणाऱ्या रचना आल्या आणि १२ बोअरमधून तो मागे पडला. परंतु ८ व ४ बोअरच्या प्रचंड दाबाला जोन्सची घट्ट पकड इतकी मानवत असे की कारखानदार त्या बंदुकांत ती पुढेही दीर्घकाळ वापरीत राहिले. त्यामुळे नुसत्या रूपावर विसंबल्यास बंदूक वीस-तीस वर्षे जुनी ठरते. अशा वेळी शिक्का काय सांगतो तेच ग्राह्य धरावे.

तिसरा पुरावा म्हणजे मोजमाप. शिक्क्यातील बोअर आणि आजचा प्रत्यक्ष व्यास ताडून पाहिले की नळी आतून घासून रुंद केली आहे काय ते कळते. गंजलेल्या नळीला चकाकी आणण्यासाठी हे सर्रास केले जाई. त्यात भिंत पातळ होते. काडतूस बसण्याच्या जागेचा साचा घेऊन तिची लांबीही मोजतात, कारण ती नंतर वाढविलेली असू शकते. दमास्कस नळी लोखंड व पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या सळईभोवती गुंडाळून आणि घणाने सांधून घडवीत. तिच्यावरील नागमोडी नक्षी सुंदर दिसते, पण प्रत्येक सांधा हा गंजाला आत शिरण्याचा मार्ग असतो. केवळ काळ्या दारूसाठी परीक्षिलेल्या अशा नळीत आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते. जुनी बंदूक तज्ज्ञाच्या तपासणीवाचून झाडून पाहू नये.

यानंतर क्रमांक. उत्तम पेढ्या प्रत्येक बंदुकीला क्रमांक देत आणि वहीत तिची लांबी, वजन, बोअर, तारीख व गिऱ्हाइकाचे नाव लिहून ठेवीत. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या पेढ्यांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर टिकल्या आहेत. क्रमांक कळविल्यास मूळ नोंदीचा उतारा मिळू शकतो. बर्मिंगहॅमच्या लहान कारखान्यांच्या वह्या मात्र बहुतांशी उरल्या नाहीत. सेलूसच्या बंदुकांसारख्या स्वस्त, निर्यातीच्या मालाची तर स्वतंत्र नोंद होण्याची शक्यताच कमी. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने ज्या बंदुका सर्वाधिक राबल्या त्यांचाच मागोवा सर्वांत कठीण, असा हा विपर्यास आहे.

क्रमांक मिळाला तरी तो नळी, खटका आणि पुढचे लाकूड या तिन्ही भागांवर एकच आहे ना, ते पाहावे. निरनिराळ्या बंदुकांचे भाग जोडून केलेल्या वस्तू बाजारात येतात. दस्त्यावरील लहान धातूच्या पट्टीवर मालकाची आद्याक्षरे किंवा संस्थानाचे चिन्ह असते. पण ती पट्टी बदलणे सर्वांत सोपे असल्याने वहीतील नोंदीचा किंवा जुन्या छायाचित्राचा आधार नसताना तिच्यावरून एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे नाव बंदुकीला चिकटवू नये.

भारतातील स्थिती

संस्थानांच्या शिकारखान्यांतून, इनामदार-जहागीरदारांच्या वाड्यांतून आणि चहा-कॉफीच्या मळ्यांतून अशा बंदुका भारतात राहिल्या. वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) आल्यावर त्यांचा मूळ उपयोग संपला.

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ नुसार जुन्या धाटणीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त हत्यार दुरुस्तीनंतरही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तर त्याला परवान्यातून सूट आहे. सूट वयामुळे मिळत नाही, निरुपयोगीपणामुळे मिळते, हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दीडशे वर्षांची ८ बोअरची बंदूक चालू स्थितीत असेल तर तिला परवाना हवाच. ब्रिटनमध्ये याहून निराळी रीत आहे. २०२१ च्या नियमांनी कालबाह्य काडतुसांची यादीच दिली असून तीत ८, ४ व २ बोअर येतात. अशी जुनी बंदूक केवळ शोभेची वस्तू म्हणून परवान्याविना ठेवता येते, पण ती झाडावयाची झाल्यास प्रमाणपत्र लागते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले हत्यार सामान्यतः पुरातन मानतात.

भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या परवानाधारी बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि वारशाने आलेल्या बंदुकाही या मर्यादेतच धरल्या जातात. साहजिकच आजोबांच्या पश्चात घरातील जड, काडतूसही न मिळणारी बंदूक सर्वप्रथम जमा केली जाते. नियमाप्रमाणे हे योग्यच आहे. मात्र बंदूक हातची जाण्यापूर्वी तिचे नाव, पत्ता, क्रमांक आणि नळीखालील शिक्के यांची छायाचित्रे घेऊन ठेवण्यास काही खर्च येत नाही. हे काम परवानाधारक दुकानदाराच्या किंवा जाणकाराच्या हातून, बंदूक रिकामी असल्याची खात्री करूनच करावे. जुन्या परवान्याच्या पुस्तिकाही फेकू नयेत. त्यांत बोअर, बनावट व क्रमांक नोंदलेले असतात. कारखान्याची वही नष्ट झालेल्या बंदुकीच्या बाबतीत तीच पुस्तिका कधीकधी उरलेला एकमेव लेखी पुरावा असते.